पानिपत जिंकून दाखवलं, तरी कादंबरीतलं जग खोटं का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पानिपतावर मराठे जिंकले असं धरून कादंबरी लिहायला घेतली, लढाई झकास रंगली, पण कथा 1900 सालच्या पुण्यात आली की सगळं पुठ्ठ्याचं वाटतं. शिवाय मोडी येत नसताना हा उद्योग करावा का, हेही तुम्ही विचारलं आहे.

लढाईत काही बिघडलेलं नसावं, दुसऱ्या दिवशी बिघडलं असावं. 14 जानेवारी 1761 ला तुम्ही विश्वासरावांना वाचवलंत, अब्दालीला पळवलंत. ठीक. पण 15 तारखेला फौजेचा पगार कोण देणार? पैसा संपला म्हणून भाऊसाहेबांनी काही महिने आधीच दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली होती. रसद तुटलेली, जनावरं उपाशी, सोबत यात्रेकरू आणि बाजारबुणग्यांचा लवाजमा. जिंकल्याने यातलं काहीच भरून निघत नाही. कर्ज देणारे सावकार पुण्यात बसलेले, आणि विजयाची बातमी येताच ते पहिल्यांदा व्याज मागणार. तुमच्या कादंबरीत तो सावकारच नाही. थेट एकशेचाळीस वर्षांनी अटकेपार भगवा आणि पुण्यात विमानतळ. वाचक मनात म्हणतो, बरं बुवा.

म्हणून मी स्वतः लढाया बदलत नाही. एखादा धंदा बदलतो आणि त्याचा हिशोब शेवटपर्यंत नेतो. सध्या ज्यावर लिहितोय त्याचंच उदाहरण देतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

1790 च्या दशकातलं पुणं घ्या. संगमावर इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट राहतो. त्याच्यासाठी गंगाराम तांबट नावाचा पुण्याचाच माणूस वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची अशी चित्रं काढतो की ती पुढे विलायतेला जातात. तांबट आळीत तांब्यावर काम करणारे हात आहेतच. आणि नाना फडणीस गीता छापण्यासाठी तांब्याचे ठसे कोरून घ्यायच्या खटपटीत आहेत. 1800 मध्ये नाना गेले, पुण्यातलं ते काम बारगळलं, आणि गीता छापली गेली ती 1805 मध्ये मिरजेला, पटवर्धनांच्या आश्रयाने. माझ्या गोष्टीत नाना आणखी काही वर्षं जगतात आणि छापखाना पुण्यात सुरू होतो. एवढाच बदल. तलवार एकही नाही.

आता हिशोब. पहिली गोष्ट, काय खपेल? वर्तमानपत्र नव्हे. पंचांग खपेल. म्हणजे हाताने पंचांग लिहून देणारे जोशी आणि पोथ्या उतरवून देणारे लेखक पहिल्याच वर्षी शत्रू झाले. कागद जुन्नर-दौलताबादचा, हातकागद. त्याची घोटाई छपाईला चालते का, हे कागद्यालाच विचारावं लागणार. शाईत चरबी असते अशी शंका येताच सोवळी घरं छापील पोथीला शिवणार नाहीत. आपल्या खऱ्या इतिहासात मुंबईत हेच झालं, आणि तोडगा म्हणून तुपातली शाई करावी लागली. म्हणजे छापखान्याच्या खर्चात तूप आलं! असे बारकावे मला कल्पनेने कधीच सुचले नसते. ते खऱ्या इतिहासातून उचलायचे आणि जागा बदलून ठेवायचे.

मग लिपी. कारभार सगळा मोडीत, आणि मोडी म्हणजे हात न उचलता लिहायचं, अक्षरं एकमेकांत अडकलेली. सुट्या खिळ्यांना, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांना, हे फार जड जातं. मग एक तर बाळबोध, म्हणजे देवनागरी, घ्यायची, किंवा पानागणिक तांब्याचा ठसा कोरायचा. ठसे कोरलेत तर पोथी छापता येईल, पण रोजची बातमी नाही, कारण पान कोरून होईपर्यंत बातमी शिळी. थोडक्यात, तांबट आळीत एका दुपारी घेतलेल्या निर्णयावर ठरतं की तुमच्या 1850 च्या पुण्यात वर्तमानपत्र असेल की नाही. (आपल्याकडे मुंबईत ‘दर्पण’ 1832 ला आलं, पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ 1849 ला.) वर्तमानपत्र नसेल तर बातमी जासुदांच्या थैलीतच राहते, आणि ज्याच्या पदरी जास्त जासूद त्याचं राज्य. मला इथे कथानक सापडलं. तुम्हाला कोंडी फोडायची असेल तर शिळाप्रेस आहे: दगडावर लिहायचं आणि छापायचं, मोडीलाही चालतं. ते तंत्र जर्मनीत 1796 ला निघालं. पुण्यात कोण आणतो, कोणत्या बंदरातून आणतो आणि जकात कोण घेतो, एवढं ठरवलंत की पुढची पन्नास पानं आपसूक होतील.

नकाशाचंही तसंच. 1817 ची पेशवे-इंग्रजांची खडकीची लढाई झाली नाही किंवा उलटी झाली, तर खडकीची छावणी नाही, पुण्याचं लष्कर, म्हणजे कॅम्प, नाही. म्हणजे कॅम्पातल्या बेकऱ्या नाहीत आणि पुण्याहून पाहुण्यांसाठी न्यायची श्रूजबेरी बिस्किटं नाहीत. पण कात्रजहून येणारं नानासाहेबांच्या नळाचं पाणी आहे, हौद आहेत. त्यामुळे शहर पूर्वेला वाढण्याऐवजी पाणी पोचेल तिथवरच वाढेल. रेल्वे आणायची तर बोरघाट फोडावा लागेल. खऱ्या इतिहासात तो मार्ग 1863 ला खुला झाला, तोही रेल्वे कंपनीच्या भांडवलावर आणि असंख्य मजुरांच्या जिवावर. तुमच्या जगात लोखंड कुठून येतं? डोंगर, पाऊस आणि मुठेचा उतार मात्र बदलू नका. 1876 चा पाऊस तुमच्याही जगात पडणार नाही. दुष्काळात माणसं किती मरतात, ते राज्य कोणाचं आहे आणि धान्य कोणाच्या कोठारात आहे त्यावर.

टिळकांना पंतप्रधान करण्याचा मोह आवरा. 1761 ला जग वळवलंत तर 1856 ला रत्नागिरीत तेच मूल जन्माला येण्याचं काही कारण उरत नाही. लग्नं वेगळी ठरली, माणसं वेगळ्या साथीत मेली. आडनावं राहतील, गावं राहतील, माणसं नाहीत. एका पिढीपर्यंत सूट घ्यावी, असं माझं मत. त्यापुढे ओळखीची नावं आणणं म्हणजे वाचकाकडून फुकटची टाळी घेणं.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा. तुमच्या कथेत पेशवाई टिकली की सगळं सुंदर झालं. हे जग दोन-तीन पेठांतल्या वाचकांना खरं वाटेल, बाकीच्यांना नाही. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावात कंपनीच्या बाजूने महार शिपाई लढले. तुमच्या जगात ते कुठे आहेत, कोणाच्या पगारावर? 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. तुमच्या पुण्यात अशी शाळा काढणाऱ्या बाईला जागा कोण देतो? की ती शाळा जुन्नरला किंवा सातारच्या छत्रपतींच्या आश्रयाने निघते? माझ्या छापखान्यात पंचांगानंतर दुसरं पुस्तक कोण छापतं, या प्रश्नावर मी अजून अडकलो आहे, आणि खरी कादंबरी तिथेच आहे असं वाटतं.

हे सगळं वाचकाला सांगायचं कसं? आजोबांना नातवापुढे बसवून इतिहास सांगायला लावू नका. एखादा कागद दाखवा: जकातीची पावती, भाडेचिठ्ठी, वाड्यावरची पाटी. (पाटीतला तिरकसपणा कोणत्याही पर्यायी इतिहासात टिकेल, याबद्दल खात्री बाळगा.) एक लक्षात ठेवा, मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुजवले ते मेजर कँडींनी. इंग्रज आलेच नाहीत अशा जगातल्या पत्रात तुम्ही उद्गारचिन्ह घातलंत, तर मी तरी पुस्तक मिटेन.

मोडीचं म्हणाल, तर आली तर उत्तम, पण अडत नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत बाळबोधीत छापून ठेवलेत. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात जा आणि लढायांचे खंड बाजूला ठेवून खर्चाच्या नोंदी मागा: तूप किती, दाणा किती, कोणाला किती दक्षिणा. त्यातली एकच नोंद उचला, तिच्यातला आकडा दुप्पट करा, आणि त्यामुळे कोणाच्या ताटातलं कमी झालं ते शोधत बसा.