मोडायचं की मोडू द्यायचं नाही?

प्रश्न : माझ्या आईला (वय ६८) मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर आहे. दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन असतं. ‘यानं पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र बंद पडतं,’ असं डॉक्टर म्हणाले. पण कॅन्सरच्या पेशी वाढीची प्रथिनं मोडू देत नाहीत, असं मी वाचलंय. मग हे औषध कॅन्सरलाच मदत करत नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शंका रास्त आहे. प्रयोगशाळेत नवी होते तेव्हा मीही इथेच अडखळले होते.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. मिक नावाचं प्रथिन पेशीला सारखं ‘वाढ, वाढ’ म्हणून ढोसत असतं, त्यामुळे निरोगी पेशी ते फार वेळ ठेवत नाही. आम्ही पेशींवर सायक्लोहेक्सिमाइड घालून नवी प्रथिनं बनणं थांबवायचो आणि ०, १५, ३०, ६० मिनिटांनी नमुने उचलायचो. फिल्मवर मिकची पट्टी (जितकी गडद, तितकं मिक जास्त) अर्ध्या तासात निम्म्यावर यायची, तासाभरानं नुसती सावली. रस्तारुंदीकरणात तोडायच्या झाडावर फुली मारतात ना, तशी मोडायच्या प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. ती दिसली की प्रोटिआसोम, म्हणजे डॉक्टरांचं ‘यंत्र’, त्याचे तुकडे पाडतं. बर्किट लिम्फोमा या कॅन्सरात मिकमधलं ५८व्या जागेवरचं थ्रिओनिन हे अमिनो आम्ल बऱ्याचदा बदललेलं असतं. मग फुली मारणाऱ्याला झाडच ओळखू येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरात उलटं : एचपीव्ही विषाणूचं ई-६ प्रथिन पी-५३ या कॅन्सर रोखणाऱ्या राखणदार प्रथिनावरच फुली मारवून घेतं. यंत्र दोन्हीकडे चालूच, लबाडी फुलीत.

आईंच्या औषधाचा नेम मात्र थेट यंत्रावर आहे. मायलोमाची पेशी ही बिघडलेली प्लाझ्मा पेशी. अँटिबॉडीचं प्रथिन रात्रंदिवस बनवत राहायचं, हाच तिचा धंदा. त्यात नीट घडी न बसलेला मालही भरपूर निघतो. यंत्र थांबलं की तो तिच्याच उरावर बसतो आणि ती मरते. त्या गोंधळात थोडं मिक साचलं, तरी मेलेल्या पेशीला त्याचा काय उपयोग! अमेरिकेत या औषधाला २००३ साली मंजुरी मिळाली. युबिक्विटिनच्या फुलीनं प्रथिनं मोडली जातात, या शोधाला नोबेल मिळालं ते २००४ मध्ये.

सोबत लेनालिडोमाइडच्या गोळ्या असतील तर आणखी गंमत. ती गोळी पेशीतल्याच सेरेब्लॉन या प्रथिनाला हाताशी धरून, मायलोमाला लागणाऱ्या इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांवर फुली मारायला लावते.

आईंच्या तळपायांना मुंग्या येतात का? बोर्टेझोमिबनं नसांना त्रास होऊ शकतो. वेळीच सांगितलं तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा दोन इंजेक्शनांतलं अंतर वाढवतात. ‘वयानं होतंच असं’ म्हणून आपल्याकडच्या आया गप्प बसतात, तेव्हा तुम्हीच खोदून विचारा.