देवाच्या योजनेची वाट पाहत राहू, की समोर आलेलं चांगलं स्थळ स्वीकारू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सहा वर्षं जोडीदारासाठी प्रार्थना करताय. आता एक स्थळ आलंय. माणूस चांगला आहे, घरचे खूश आहेत. फक्त त्याला देवाधर्मात रस नाही आणि "लग्नानंतर हे सगळं जरा कमी कर" असं तो एकदा बोलून गेला. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय. ही देवाची योजना समजायची की मोह, असं तुम्ही विचारताय.

मी चर्चचा पाळक नाही. जे लिहितोय ते स्वतः तोंडावर आपटून शिकलोय, म्हणून आधी तेच सांगतो.

चौदा महिने मी बेकार होतो. शेवटी एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली. त्यांना पाच वर्षांचा अनुभव हवा होता, माझ्याकडे तीन वर्षांचा होता. ज्याने माझं नाव सुचवलं होतं तो म्हणाला, "पाच टाक रे, कोण बघतंय?" रात्री साडेअकराला अर्ज उघडला आणि त्या चौकटीतला ३ खोडला. चौकट रिकामी, कर्सर लुकलुकतोय. तेव्हा मी काय केलं असेल? डोळे मिटून प्रार्थना केली. "प्रभू, तुझी इच्छा असेल तरच हे काम मिळू दे." मग डोळे उघडून ५ टाकला.

काम मिळालं. त्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून साक्षही दिली की देवाने दार उघडलं. लोक आमेन म्हणाले.

पकडला मी कधीच गेलो नाही. पण "आधी कुठे होतास?" असं कुणी चहा पिता पिता विचारलं तरी मनात दोन वर्षांची बेरीज करून मगच तोंड उघडायचं. प्रार्थनेत नोकरीचा विषय आला की मी घाईने पुढच्या विषयाकडे सरकायचो. मग तो विषय यायचाच बंद झाला, आणि पुढे प्रार्थनाही दोन मिनिटांत उरकायला लागली. दीड वर्षाने साहेबांना खरं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली, ठरलेली बढती गेली, नोकरी राहिली. मंडळीपुढे उभं राहून ती साक्ष मागे घ्यायला मात्र आणखी एक वर्ष लागलं. ते साहेबांपुढे बोलण्यापेक्षा कितीतरी अवघड गेलं.

त्या काळात मला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाने धरून ठेवलं. २९व्या अध्यायातलं ११वं वचन तुम्हालाही पाठ असणार. तुमच्याविषयीच्या योजना मला ठाऊक आहेत, त्या हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत, असं देव तिथे सांगतो. शुभेच्छापत्रांवर हे वचन इतकं छापलं जातं की त्याच्या आधीचं १०वं वचन कुणी वाचतच नाही. त्यात ७० वर्षं असा आकडा आहे. यरुशलेमेतून बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं ते पत्र होतं. परत आणीन, पण सत्तर वर्षांनी. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक मोठी माणसं तोवर हयातही नसणार होती.

त्याच्या आधीचा, २८वा अध्याय तर मला आणखी महत्त्वाचा वाटतो. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलच्या राजाच्या जुवाखाली मान द्या, हा त्याचा संदेश होता. तेवढ्यात मंदिरात सगळ्यांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि सांगतो की दोनच वर्षांत मंदिराची पात्रं परत येतील, धरून नेलेला आपला राजा परत येईल, बंदिवान परत येतील. नीट पाहिलं तर हनन्या दुसऱ्या कुठल्या देवाचं नाव घेत नाही. आश्वासनही जवळपास तेच आहे, परत येण्याचं. बदललाय तो फक्त आकडा. सत्तराच्या जागी दोन.

माझ्याही चौकटीत आकडाच बदलला होता, म्हणून ही गोष्ट मला इतकी झोंबली असेल.

मोह म्हटलं की आपल्याला काहीतरी घाणेरडं, उघड वाईट डोळ्यांसमोर येतं. तसा मोह ओळखायला काही लागत नाही. अडचण होते ती देवाने जे देऊ केलंय त्याच्यासारखंच दिसणारं, फक्त लवकर मिळणारं काही समोर आलं की. अब्राहामाचं बघा. तो ७५ वर्षांचा असताना हारानातून निघाला. कनानात दहा वर्षं गेली तरी देवाने कबूल केलेलं मूल नाही, म्हणून बायको साराची दासी हागार हिच्यापासून मूल. इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. पुढे ९९व्या वर्षी देव त्याला सांगतो की साराला मुलगा होईल, तेव्हा तो काय म्हणतो? इश्माएलच तुझ्यापुढे जगो. म्हणजे पुरे आता, हेच चालवून घे. मला त्या वाक्याचा फार कळवळा येतो. (आणि देवाने हागारेला आणि तिच्या लेकराला वाऱ्यावर सोडलं नाही, हेही त्याच गोष्टीत आहे. लोक ते सांगायचं विसरतात.)

आता दुसरी बाजू. "देवाची योजना आहे" म्हणत हातावर हात ठेवून बसणारेही मी पाहिलेत. समोर आलेलं प्रत्येक चांगलं म्हणजे मोह, असं काही नसतं. त्याच पत्रात, सत्तर वर्षांच्या वचनाच्या आधीच, देव लिहितो की घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावा. तेव्हा वाट पाहणं म्हणजे आयुष्य थांबवणं नव्हे, आणि लग्नाची इच्छा ही काही विश्वासातली कमजोरी नव्हे. घरचे वयाचा धोशा लावत असतील तर त्यांचा राग मानू नका. पण त्यांची घाई ही देवाची वाणी समजू नका.

आणि कृपा करून चिठ्ठ्या टाकू नका, शास्त्र कुठेही उघडून बोट ठेवू नका. गिदोनाने देवाकडे खूण मागत रात्री लोकर बाहेर ठेवली आणि सकाळी तिच्यावर दव पडलंय का ते पाहिलं, हे उदाहरण मलाही एकाने दिलं होतं. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगून झालं होतं. लोकर त्याच्या शंकेपोटी आली, आणि एका रात्रीने त्याचं समाधानही झालं नाही.

मग ओळखायचं कसं? मी आता एकच पाहतो. हे मिळवण्यासाठी मला काय खोडावं लागतंय? माझ्या बाबतीत तो एक ३ होता. तुमच्या बाबतीत त्या माणसात खोट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तो जे आहे ते तोंडावर बोलला, हे त्याच्याच बाजूने जातं. पण सहा वर्षं तुम्ही ज्याच्याशी बोलत आलात त्याच्याशी बोलणं "कमी" करायचं, ही अट तुम्ही प्रश्नात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीत. मला तीच आधी दिसली. खरं सांगायचं तर तुम्हालाही ती टोचत असावी, नाहीतर अनोळखी लोकांना विचारायला आला नसतात.

रविवारचं म्हणाल तर यिर्मयाने काय केलं ते सांगतो. हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून सगळ्यांसमोर मोडलं. यिर्मया आधीच म्हणून चुकला होता की आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे त्यालाही ते हवंच होतं. जू मोडल्यावर मात्र त्याने वाद घातला नाही, तो निघून गेला. देवाचं उत्तर त्याला नंतर मिळालं. इतक्या मोठ्या संदेष्ट्याकडे तिथल्या तिथे उत्तर नव्हतं, तर तुम्ही आणखी पंधरा दिवस मागून घेतले म्हणून काही बिघडत नाही. तेवढेही द्यायला समोरचे तयार नसतील तर तेही कळेल.

त्या पंधरा दिवसांत त्याला एकदा भेटा, घरच्यांशिवाय. भांडू नका, वचनं ऐकवू नका. एवढंच विचारा, "कमी म्हणजे किती?" रविवारची उपासना चालेल का, घरात मोठ्याने प्रार्थना केलेली चालेल का, उद्या मुलांना शिकवलेलं चालेल का. आणि तो बोलत असताना मनातल्या मनात त्याच्या वतीने उत्तरं दुरुस्त करू नका.