८४ पर्सेंटाइल आणि पर्यायांची यादी

पुणे

प्रिय मित्रा,

एमबीएच्या राज्य प्रवेश परीक्षेत, सीईटीला, ८४ पर्सेंटाइल पडले आणि ‘पुण्यात एमबीए मिळेल का’ म्हणून विचारतोयस. मिळेल. कुठं, ते पर्सेंटाइलवरून नाही कळायचं, कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या मेरिट नंबरवरून कळेल. परीक्षेला लाखाच्या वर मुलं बसतात, म्हणजे एकेका पर्सेंटाइलमध्ये हजारभर तरी पोरं. त्यातली बरीच कॅपला नोंदणीच करत नाहीत. तेव्हा गुणवत्ता यादी लागेपर्यंत मेसमधले अंदाज कानाआड कर.

यादी लागली की परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरून मागच्या दोन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ उतरवून घे. प्रत्येक कॉलेजखाली रकाने असतात. कोड ‘जी’ने सुरू झाला तर जनरल, ‘एल’ने झाला तर मुलींच्या जागा, पुढे प्रवर्ग. चौकटीत वरचा आकडा मेरिट नंबर, त्याखाली कंसात पर्सेंटाइल. घाईत मुलं शेजारच्या रकान्यातला सैल आकडा वाचतात आणि उगाच खूश होतात. तू आपल्या रकान्यावर पट्टी ठेवूनच वाच. पहिल्या फेरीचा आकडा बघून खचू नकोस; दुसरीकडे प्रवेश मिळालेली मुलं गळतात, शेवटच्या फेरीपर्यंत बऱ्याच ठिकाणी कटऑफ खाली येतो. पण एकच जागा उरली असेल तर तो आकडा भलताच असू शकतो, म्हणून दोन वर्षं बघायची.

आता पर्यायांचा, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म. ‘वरचं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जातं’ हा निव्वळ गैरसमज. वाटप यादीत वरून खाली होतं, न मिळणाऱ्या कॉलेजाने काही बिघडत नाही. पुम्बाला, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या एमबीए विभागाला ८४ वर आशा नाही, तरी हौस असेल तर टाक. बिघडतं ते उलट: नको असलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर ठेवलंस आणि तेच मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद.

प्रवर्गातून अर्ज असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच तपास. कागद वेळेत नसले तर नाव ओपनमध्ये जातं, आणि ८४ ला तो फटका मोठा असतो.

‘सीट भरत आलीत, मॅनेजमेंट कोट्यातून घ्या’ असे फोन येतील. घरी सांगण्याआधी हिशेब कर: फीसाठीची राजर्षी शाहू शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश असेल तरच मिळते, आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत लागतं.

ताथवडे, नऱ्हे, वाघोली, जिथली नावं यादीत असतील तिथं कामाच्या दिवशी जाऊन ये. ऑफिसात ‘हायेस्ट पॅकेज’चा फलक दिसेल, तो सोड. बाहेर टपरीवर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार: प्लेसमेंटला किती बसले, किती जणांना मिळालं, मधल्या मुलाचा पगार किती?

पुन्हा सीईटी द्यायची का? जुना पेपर घेऊन १५० मिनिटांत २०० प्रश्न लावून बघ. त्यात निम्मे लॉजिकल आणि ॲबस्ट्रॅक्टचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी ३०-४० प्रश्न कोरे सोडले असशील तर वाढायला जागा आहे. सगळे सोडवूनही ८४ असतील तर नोकरी सोडून वर्ष घालवू नकोस.

मेरिट नंबर आला की पर्यायांची यादी पाठव, प्रत्येक नावापुढे तुझ्या रकान्याचे दोन्ही वर्षांचे आकडे लिहून. क्रम मग बसून लावू.