घरपट्टी भरली, म्हणून बांधकाम वैध ठरते का?

प्रश्न : आमचे गाव खाडीकाठी आहे. शिमग्यानंतर शेजारच्या खाजणात, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खारजमिनीत, रात्रीच्या वेळी डंपरने जांभ्याची माती टाकण्यास सुरुवात झाली. चिपीची व कांदळाची झाडे भरावाखाली गेली. वहाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी बसविलेला सिमेंटचा पाईप अपुरा पडल्यामुळे पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आमच्या भातखाचरात शिरले. आता तेथे चिऱ्यांचे जोते उभे राहिले असून पर्यटकांसाठी खोल्या होणार असल्याचे समजते. ग्रामपंचायतीत चौकशी केली असता, जमीन बिनशेती झालेली आहे आणि तेथील शेडची नोंद आठ नंबरला होऊन घरपट्टीही भरली जाते, असे सांगण्यात आले. आमचे स्वतःचे घरही आजोबांच्या काळापासून खाडीलगत आहे. तक्रार केली तर ती आमच्यावरच उलटेल का?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : ग्रामपंचायतीने आपल्याला सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, परंतु त्यांपैकी एकीमुळेही हे बांधकाम वैध ठरत नाही. आठ नंबरची नोंद ही ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील कर आकारणीची नोंद आहे. विनापरवाना घरावरही ग्रामपंचायत घरपट्टी आकारते, म्हणून तिची पावती बांधकाम परवानगीची जागा घेऊ शकत नाही. बिनशेती आदेश महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 खालचा असतो आणि जमिनीचा वापर शेतीखेरीज अन्य कारणासाठी करता येईल, एवढेच तो सांगतो. बांधकामाची परवानगी वेगळी आणि किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे समुद्र व खाडीलगतच्या ज्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत त्या सीआरझेडची, मंजुरी त्याहून वेगळी. गावठाणाबाहेरील बांधकाम परवानगीचा अधिकार महसूल यंत्रणेकडे असल्यामुळे केवळ सरपंचांकडे अर्ज देऊन थांबू नये.

आपल्या प्रकरणात सर्वांत भक्कम मुद्दा कांदळवनाचा, म्हणजे चिपी, कांदळ अशा खारफुटीच्या झाडांचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनात व त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात भराव आणि बांधकाम करण्यास मनाई केली आहे. जमीन खासगी मालकीची आहे, हा बचाव तेथे चालत नाही. सीआरझेडच्या हद्दीबाबत मात्र काळजीपूर्वक लिहावे लागते. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठची मर्यादा भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते, अशी होती. 2019 च्या अधिसूचनेने 100 चे 50 मीटर केले. सीआरझेडची हद्द दाखविणारा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत जुनीच मर्यादा लागू राहते. त्यामुळे आपल्या गट नंबरापुरता लागू असलेल्या आराखड्याचा उतारा माहितीच्या अधिकारात मागवावा आणि तो हाती आल्यावरच अंतराचा आकडा लिहावा. एक आकडा चुकला, तर समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो.

तक्रार जिल्हाधिकारी आणि तहसीलदार यांना एकाच मजकुराची द्यावी व तिची प्रत महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणास पाठवावी. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय किनारा समितीत मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक समाजाचे प्रतिनिधी असतात, त्यांनाही भेटावे. अर्जात गट नंबर, भराव सुरू झाल्याची तारीख, तारीख दिसणारी छायाचित्रे आणि उपग्रहाचे जुने चित्र असावे. “अनधिकृत काम चालू आहे, चौकशी व्हावी” एवढ्याच मजकुराचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. “या गटातील कांदळवनावर भराव झाला आहे, स्थळ पंचनामा करून त्याची प्रत मला द्यावी” असे लिहिले, की उत्तर द्यावेच लागते. नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम हटविण्याची, नोटीस निघाल्यावर बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करण्याची मुभा मालकाला असते. म्हणून कांदळवन व सीआरझेडचा मुद्दा पहिल्याच अर्जात आलेला हवा. ग्रामपंचायतीच्या कागदावर विसंबून राहिल्याचे फळ केरळातील मरडू येथे दिसले. मरडू ही पंचायत असताना तिने दिलेल्या परवान्यांवर तेथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि सीआरझेडच्या नियमांचा भंग झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार जानेवारी 2020 मध्ये त्यांपैकी चार संकुले स्फोटाने पाडण्यात आली. त्यांत घर घेतलेल्या कुटुंबांचे हाल आठवले, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच काम थांबविणे बांधणाऱ्याच्याही हिताचे आहे, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या घराविषयी. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची आहे. त्यापूर्वीच्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी जुने जोते व क्षेत्रफळ न वाढविता करण्यास नियमांत वाव आहे. जी घरपट्टीची पावती शेजाऱ्याच्या कामी येत नाही, तीच आपल्याला येथे उपयोगी पडेल. कारण 1991 पूर्वीची पावती आणि आठ नंबरचा जुना उतारा घराचे वय दाखवितात. हे कागद तक्रारीआधी काढून ठेवावेत. मध्यंतरी पडवी पुढे वाढविली असल्यास ती लपवू नये. स्थळ पाहणीत ती दिसणारच.

भातखाचरात शिरणाऱ्या पाण्यासाठी स्वतंत्र आणि जवळचा मार्ग आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडविल्यामुळे शेतीचे नुकसान होत असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र दावा अडथळा निर्माण झाल्यापासून 6 महिन्यांत दाखल व्हावा लागतो. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या पुण्यातील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदतही वादाचे कारण प्रथम घडल्यापासून 6 महिन्यांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास तेथे आणखी 60 दिवस मिळतात. शिमग्यापासून मोजले, तर हे 6 महिने गणपतीच्या सुमारास भरतात. पाईप नेमका कोणत्या दिवशी बसविला, हे घरातील सर्वांना विचारून आजच लिहून ठेवावे आणि लावणीची गडबड असली तरी दाव्याचा अर्ज 6 महिने भरण्यापूर्वी तहसील कार्यालयात दाखल करून पोच घ्यावी.