तक्ता कोणाचा, लेख कोणाचे?

पत्र (थोडक्यात)

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. गुण बरे पडतात, अगदी वरच्या नंबरात नसते. लिहिते मात्र छान. म्हणून गेल्या वर्षापासून मी तिचे लेख निरनिराळ्या ऑनलाइन मासिकांना आणि पोर्टलना पाठवतो. कुठे काय झालं याचा एक्सेलमध्ये तक्ता ठेवला आहे : वाचकसंख्या, लाइक, शेअर, मानधन, शेरा. पण आकड्यांचा मेळच लागत नाही. तोच लेख एका ठिकाणी तीन हजार जणांनी वाचला, दुसरीकडे चाळीस जणांनी. मी तिला वर्षअखेरपर्यंत मुदत दिली आहे. आकडे वाढले नाहीत तर लेखन बंद आणि एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू. आता कोणत्या ठिकाणावर भर द्यावा? आणि या आकड्यांवरून तिला या क्षेत्रात भवितव्य आहे असं वाटतं का? सोबत तक्ता, लेख आणि आलेल्या ई-मेल जोडत आहे.

— एक पालक

उत्तर

नमस्कार.

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण मुलीचं म्हणणं काय आहे ते कुठे राहून गेलंय का, ते बघायचं होतं. राहून गेलेलं नाही, ते पत्रात नाहीच. लेख तुम्ही पाठवता, तक्ता तुम्ही भरता, मुदत तुम्ही दिलीत आणि क्लासही बहुधा तुम्हीच शोधून ठेवला असेल. तिला लेखिका व्हायचंय का? हे लेख लोकांसमोर जावेत अशी तिची इच्छा होती का? की तिने वहीत लिहिलेलं तुम्हाला आवडलं आणि तिथून सगळं सुरू झालं?

जोडलेल्या ई-मेल वाचल्यावर माझी काळजी वाढली. त्या तुमच्या पत्त्यावरून गेल्यात, खाली सही मात्र मुलीची. 'मी बी.एस्सी.ची विद्यार्थिनी असून' अशी सुरुवात तुम्ही केली आहे. समोरच्या संपादकाला वाटतंय की तो एका नवोदित लेखिकेशी बोलतोय. एका मेलमध्ये तो तिचं कौतुक करतो, तिने आणखी काय लिहिलंय ते विचारतो. ते कौतुक तिच्यापर्यंत पोहोचलं का? तुमच्या तक्त्यात त्याची नोंद नाही. कौतुकाचा रकानाच नाही त्यात.

त्याच संपादकाने विचारलं होतं, 'हा लेख याआधी कुठे प्रसिद्ध झाला आहे का?' तुम्ही उत्तर दिलंत, 'नाही.' तुमच्याच तक्त्यातली तारीख सांगते की त्या दिवशी लेख एका पोर्टलवर झळकत होता. स्पष्ट बोलते, राग मानू नका. ही थाप तुमची आहे, पण खाली नाव तिचं आहे. संपादित नियतकालिकं सहसा अप्रकाशित लेख मागतात. काही जण एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायला मुभा देतात, पण तसं कळवायचं आणि एकीकडे स्वीकारला गेला की दुसरीकडून लगेच मागे घ्यायचा, ही अट असते. हे उघडकीला आलं तर संपादक भांडत बसत नाहीत. त्या नावाच्या पुढच्या मेलला उत्तर येत नाही, इतकंच. आणि का येत नाही, हे तुमच्या मुलीला कधी कळणारही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तीन हजार आणि चाळीस. यात एक मोठा गैरसमज आहे आणि तो खूप जणांचा असतो, म्हणून जरा सविस्तर. या दोन आकड्यांची तुलना होतच नाही. एका तापमापकावर ३७ दिसतंय, दुसऱ्यावर ९८.६, आणि तुम्ही दुसऱ्याला जास्त ताप आहे म्हणताय. 'वाचक' म्हणजे काय, हे प्रत्येक ठिकाण आपापलं ठरवतं. कुठे पान उघडलं की एक वाचक मोजला जातो, मग तो शीर्षक वाचून मागे का फिरेना. मीडियम नावाच्या लेखनाच्या साइटवर लेख नुसता उघडणारे आणि खरोखर वाचणारे वेगळे दाखवतात, त्यामुळे तिथला वाचनाचा आकडा आधीच गाळलेला असतो. ई-मेलने जाणाऱ्या वार्तापत्रात 'किती जणांनी उघडलं' हा आकडा त्यातलं चित्र उतरलं की नाही यावरून मोजतात, आणि सप्टेंबर २०२१ पासून तो आणखीच फुगलाय. अ‍ॅपलने त्यांच्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, तिच्यामुळे पत्रातली चित्रं माणसाने ते न उघडताही आधीच उतरवून घेतली जातात आणि पाठवणाऱ्याला वाटतं, वाचलं. शिवाय तोच मजकूर दोन ठिकाणी असेल तर सर्च इंजिन साधारणपणे एकच प्रत निवडून दाखवतं, दुसरी मागे पडते. मूळ प्रत कोणती हे सांगणारी कॅनॉनिकल खूण २००९ पासून उपलब्ध आहे, पण दोन परक्या साइट तुमच्या लेखासाठी ती लावत बसत नाहीत. तेव्हा चाळीसचा आकडा कदाचित तीन हजारांमुळेच चाळीस राहिला असेल. तुम्ही दोन ठिकाणांची तुलना करत नव्हता, मुलीच्या एका लेखाला तिच्याच दुसऱ्या प्रतीशी झुंजवत होता.

(एकच लेख दिसेल तिथे पेरायचा, हा प्रकार पंधरा-वीस वर्षांपूर्वी जोरात होता. लेखांच्या डिरेक्टऱ्याच, म्हणजे कोणाचेही लेख गोळा करून ठेवणाऱ्या साइट, असायच्या. २०११ साली गूगलने आपल्या शोधात हलक्या, नकली मजकुराला मागे टाकणारा 'पांडा' नावाचा बदल आणला आणि त्यांचा बाजार बसला. तुमच्या तक्त्यामागची कल्पना त्या काळातली आहे.)

आणि तो तीन हजारांचा लेख नेमका कोणता? मुलीने त्याला नाव दिलं होतं 'फिका गुलाबी'. पोर्टलवर तो 'प्रॅक्टिकलमध्ये यशस्वी होण्याचे ७ मंत्र' या नावाने आहे. हे शीर्षक तुम्ही दिलंत, तुमच्या मेलमध्येच तसं लिहिलंय. मी पूर्ण लेख वाचला, त्यात एकही मंत्र नाही. त्यात टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण घालून मोजायचा प्रयोग, करणाऱ्या चार मुली आहेत. फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन घातलेल्या फ्लास्कमध्ये रंग आला की नाही यावर त्यांचा वाद चाललाय. एक म्हणते आला, दुसरी म्हणते तुझ्या ओढणीचा दिसतोय. शेवटी त्या पलीकडच्या टेबलावरचं रीडिंग बघून येतात आणि ब्युरेट, म्हणजे द्रावण सोडणारी आकड्यांची नळी, बरोबर तिथेच बंद करतात. मग ती लिहिते, 'उत्तर आधी ठरलं होतं, रंग नंतर आला.' एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने लिहिलेलं हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं. सात मंत्र शोधत आलेल्या तीन हजार जणांतले किती जण या वाक्यापर्यंत पोहोचले असतील?

आता चाळीस वाचकांच्या मासिकाकडे या. शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलंय, 'लेख कापला. दोनशे शब्द कमी.' मी मूळ प्रत आणि छापलेली प्रत शेजारी ठेवून पाहिली. मूळ लेखाची सुरुवात आहे, 'रसायनशास्त्र हा आपल्या दैनंदिन जीवनाचा अविभाज्य भाग आहे.' शाळेतल्या निबंधाची ही सवय सगळ्यांनाच असते. संपादकाने तो अख्खा परिच्छेद काढला आणि लेख थेट वादापासून सुरू केला. शेवटी प्रामाणिकपणाचं महत्त्व सांगणाऱ्या चार ओळी होत्या, त्याही काढल्या. मध्ये एका ठिकाणी 'रंग गेला' याच्यापुढे त्याने कंसात विचारलं होतं, 'का गेला?' आणि छापलेल्या प्रतीत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो गुलाबी रंग हळूहळू उडतो, असं एक वाक्य आलंय. ते कोणी लिहिलं, तुम्ही की तिने? तुम्ही लिहिलं असेल तर तिच्या शिकण्याची एक संधी तुम्ही वापरून टाकलीत. एक जाणता माणूस तिच्या लेखावर पेन घेऊन बसला, फुकट. असं काम शिकवायला अभ्यासक्रम फी घेतात.

तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणी लेख पाठवून निकाल ताडून बघणं चूक आहे असं मी म्हणत नाही. जरूर बघावं, पण लेख वेगवेगळे हवेत आणि बघायचं ते हे : कोणी काय कापलं, कोणता प्रश्न विचारला, कोणी पुन्हा लिहायला सांगितलं, एकाच ठिकाणी तिचा दुसरा लेख पहिल्यापेक्षा कमी दुरुस्त्यांत गेला का. हा तक्ता भरायला तिचीच नजर लागते, कारण कापलेल्या ओळीचं दुखणं लिहिणाऱ्यालाच कळतं. मानधनाच्या शून्यांची तुम्हाला खंत आहे, ती मी समजू शकते. नवख्या माणसाला पहिले काही लेख फुकट द्यावे लागतात, पण लेखाचा हक्क कोणाकडे राहतो हे आधी वाचायचं, आणि छापण्यासाठी उलट पैसे मागणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही.

मला सर्वांत जास्त खटकतोय तो तिचा शेवटचा लेख, 'परीक्षेच्या आदल्या रात्री टाळायच्या चुका'. सपाट आहे. कोणीही लिहिला असता. तारीख पाहिली तर तो तुम्ही मुदत दिल्यानंतरचा आहे. म्हणजे तक्त्याचा परिणाम दिसायला लागला : मुलगी आता आकड्यासाठी लिहितेय. फ्लास्ककडे बारकाईने बघणारी तिची नजर या लेखात कुठेच दिसत नाही. तुमची मुदत वर्षअखेरची आहे, पण अशाने तिचं लेखन त्याआधीच थांबेल. मग तुम्ही म्हणाल, बघा, आकडे सांगतच होते.

मुदत मागे घ्या. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला लेखन की एम.बी.ए. असा दोनातून एक पर्याय द्यायची गरजच नाही. एम.बी.ए.ची प्रवेश परीक्षा पदवीनंतरही देता येते, आणि पत्रकारिता किंवा जनसंवादाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना विज्ञानाची पदवी चालते. शिवाय रसायनशास्त्र येणारी आणि नीट लिहिणारी व्यक्ती औषध कंपन्यांतल्या मेडिकल रायटिंगला, तांत्रिक लेखनाला, शोधनियतकालिकांच्या संपादनाला हवी असते. त्यासाठी पदवी नीट पूर्ण होणं महत्त्वाचं, पोर्टलवरचे लाइक नाहीत. पण यातलं काहीही तिला लगेच वाचून दाखवू नका, नाहीतर तक्त्याच्या जागी नुसती यादी येईल. तिला व्यवस्थापनाचीच आवड असेल तर तेही चांगलंच आहे. तिने स्वतः दोन ओळी लिहून विचारलं तर मी सविस्तर उत्तर देईन. तुमच्यामार्फत नको.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. तक्त्यात एका ओळीपुढे तुम्ही 'नकार' असं लिहिलंय. ती मेल पुन्हा वाचा. संपादिका म्हणते, 'विषय आवडला. मधला भाग लांबलाय. प्रयोगशाळेतला प्रसंग आधी घेऊन पुन्हा पाठवाल का?' हा नकार नाही. इतक्या कामात कोणी नकार देताना एवढं लिहीत नाही, एका ओळीत 'धन्यवाद' म्हणून मोकळे होतात. तुमच्या सगळ्या तक्त्यात मला हाच सर्वांत चांगला निकाल वाटला, आणि त्याला अजून उत्तर गेलेलं नाही.

ही मेल मुलीला द्या. आतापर्यंतची पत्रं तुम्ही लिहीत होता हे तिला सांगा, आणि ज्या संपादकाला 'नाही' असं कळवलंत त्याला खरं काय ते तुमच्या स्वतःच्या नावाने लिहा. पुन्हा लेख पाठवायचा की नाही ते तिने ठरवू दे. पाठवायचा असेल तर तिच्या पत्त्यावरून, तिच्या शीर्षकासह. उशीर झालाय, संपादिकेने जागा दुसऱ्या लेखाला दिलीही असेल, तरी विचारायला हरकत नाही. आणि जाण्याआधी ती मेल तपासायला मागू नका.