चंद्रकोरी दस्ता खांद्याला नव्हे, दंडाला टेकवावा

आपण पेन्सिल्व्हेनियात नुकतीच हॉकेन (एकोणिसाव्या शतकातली अमेरिकी रायफल) धाटणीची, पॉइंट ५० बोअरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची, ठासणीची रायफल घेतली, बाकावर बसून ९० ग्रेन (वजनाचे जुने माप) बंदुकीच्या दारूचे वीस बार काढले आणि दुसऱ्या दिवशी कॉलरबोनच्या टोकाशी काळानिळा डाग उमटला. आता दस्त्याला रबरी गादी बसवावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते गादीचा विचार सगळ्यात शेवटी करावा, कारण डाग ज्या जागी पडला आहे त्यावरूनच दस्ता चुकीच्या ठिकाणी टेकला होता हे कळते.

मी स्वतः बंदूक धरायला शिकलो ते एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये, पॉइंट ३०३ रायफलीवर. पालथे पडायचे, दस्ता (तिथे सगळे बट म्हणत) खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढायचा, गाल लाकडाला चिकटवायचा आणि श्वास रोखून चाप दाबायचा, हे उस्तादांनी इतके घोटून घेतले होते की पुढे पंधरा वर्षांनी इथे अमेरिकेत पहिल्यांदा हॉकेन हातात आली तेव्हाही शरीराने आपोआप तेच केले. पॉइंट ३०३ च्या दस्त्याची पितळी पट्टी जवळजवळ सपाट असते, त्यामुळे धक्का तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. आपल्या रायफलीची पट्टी चंद्रकोरीसारखी आत वळलेली आहे आणि तिची वरची व खालची टोके पुढे आलेली आहेत. ती खांद्याच्या खळग्यात बसवली की धक्क्याचा बहुतेक भार त्या दोन टोकांवरच येतो आणि वरचे टोक नेमके हाडावर आदळते. पहिल्या दिवशी माझ्याही खांद्यावर आपल्यासारखाच डाग पडला होता.

चंद्रकोर घडवली आहे ती दंडासाठी. नेमाच्या दिशेला जवळजवळ काटकोनात, म्हणजे डावा खांदा पुढे करून, उभे राहावे. उजवे कोपर खांद्याच्या उंचीपर्यंत उचलावे आणि दस्ता खांद्याच्या सांध्याच्या बाहेर, दंडाच्या वरच्या मांसल भागावर असा बसवावा की वरचे टोक दंडाच्या वरून आणि खालचे टोक बगलेच्या बाजूने दंडाला कवेत घेईल. पहिल्यांदा हे फार अवघडल्यासारखे वाटते, बंदूक निसटेल की काय अशी शंका येते. पण कोपर उचललेले राहिले तर ती चंद्रकोर हलत नाही. दस्ता आणि दंड यांत जरासुद्धा फट ठेवू नये, कारण फट ठेवली की रायफल आधी वेग घेते आणि मग आदळते. मान ताठ ठेवावी. या दस्त्यांना खाली उतार बराच असतो, त्यामुळे बार उडताच नळी वर उसळते आणि गाल लाकडावर दाबून धरलेला असेल तर गालफडालाही प्रसाद मिळतो.

बाकावर बसून मात्र यातले काहीही नीट जमत नाही. बाकावर माणूस पुढे झुकतो, छाती लक्ष्याकडे वळते आणि दस्ता आपोआप कॉलरबोनकडे सरकतो. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि मागची खाच जुळवून घेण्यासाठी टेकू लागतच असेल, तर उभ्याने छातीच्या उंचीचा टेकू घ्यावा आणि बाकीचा सगळा सराव उभ्यानेच करावा.

ही चंद्रकोर आली कुठून, हे थोडे सांगतो, कारण आपल्या तक्रारीचा अर्धा उगम तिथे आहे. अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरच्या परिसरात जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडवलेल्या सुरुवातीच्या लांब रायफलींचे दस्ते रुंद आणि बऱ्यापैकी सपाट होते. पुढे बोअर लहान होत गेले, दारू कमी लागू लागली आणि दस्ते सडपातळ व खोल वळणाचे झाले, आणि एवढ्याशा बाराला ते चालूनही गेले. सेंट लुइसच्या जेकब आणि सॅम्युअल हॉकेन बंधूंनी एकोणिसाव्या शतकात मोठ्या बोअरच्या, भरपूर दारू पचवणाऱ्या रायफली केल्या तेव्हाही चंद्रकोर तशीच ठेवली, पण त्यांच्या जाड अष्टकोनी नळ्यांमुळे त्या रायफलींचे वजन साडेचार किलोंच्या पुढे जाई. आजच्या कारखान्यांतून निघणाऱ्या हॉकेन धाटणीच्या अनेक रायफली चार किलोंच्या आसपास असतात. थोडक्यात, दस्ता जुना, दारू जुनी आणि वजन तेवढे कमी, असा हा सौदा आहे.

आता दारूकडे वळतो. पॉइंट ५० ची गोल गोळी साधारण ११.५ ग्रॅमची असते आणि ९० ग्रेन म्हणजे ५.८ ग्रॅम दारू. काळ्या दारूत ही दारू गोळीच्या निम्म्या वजनाची होते आणि तीही, वायू आणि धूर होऊन, नळीतून पुढे फेकली जाते, म्हणून धक्क्यात तिचाही वाटा असतो. ढोबळ हिशेब केला तर चार किलोंच्या रायफलीत हा धक्का सुमारे १२ ज्यूल भरतो, तर ६० ग्रेनला तो ७ ते ८ ज्यूलवर येतो. तुलनेसाठी सांगतो, १७४ ग्रेनच्या गोळीची पॉइंट ३०३ सुमारे १६ ज्यूलचा धक्का देते आणि तरी एन.सी.सी.त सोळा वर्षांची मुले ती झाडत असत. म्हणजे आपला खांदा १२ ज्यूलने दुखावलेला नाही, त्या टोकाने दुखावला आहे. गोल गोळीऐवजी ३७० ग्रेनची लांबट गोळी ९० ग्रेन दारूवर वापरली तर मात्र आकडा वीसच्या वर जातो, तेव्हा तो मोह सध्या टाळावा.

जेवढा बोअर तेवढे ग्रेन, हा जुन्या जाणत्यांचा सुरुवातीचा नियम आहे, आणि पन्नास यार्डांवर कागदाला भोके पाडायला ५० ते ६० ग्रेन पुष्कळ होतात. बहुतेक वेळा नेमही तिथेच जास्त चांगला बसतो. दारू नेहमी मापट्याने मोजावी आणि धूरविरहित आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही घालू नये. एक बारकावा लक्षात ठेवावा. गोळी ठासायच्या गजावर ती पूर्ण बसल्याची खूण केलेली असेल, तर ९० वरून ६० ग्रेनवर आल्यावर ती खूण सुमारे दीड सेंटीमीटर चुकते. जुन्या खुणेवर थांबलात तर दारू आणि गोळी यांत पोकळी राहील आणि ती नळीसाठी धोक्याची असते. म्हणून नवी खूण करून घ्यावी.

गादीबद्दल. सिंधुदुर्गात माझ्या मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि रानडुकरांसाठी बार भरायची वेळ आली की ते खांद्यावरचा पंचा चौपदरी करून दस्त्याखाली घेत. तो उपाय उत्तम होता, कारण त्यांच्या बंदुकीचा दस्ता सपाट होता. (दारू ते तळहातावर ओतून अंदाजाने घालत, ते मात्र कोणीही शिकू नये.) चंद्रकोरीवर रबरी मोजा चढवला की वळणातली पोकळी भरते, दस्ता दंडावर बसेनासा होतो आणि वर त्याची लांबी दोन-अडीच सेंटीमीटरने वाढते. आपली उंची पाच फूट पाच इंच असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा चाप ते दस्ता हे चौदा इंची अंतर आपल्याला आधीच जास्त होत असणार, थंडीच्या जाड जॅकेटात तर नक्कीच. ते अर्ध्या-पाऊण इंचाने कमी करणे गादीपेक्षा अधिक उपयोगी पडेल, परंतु वळणदार पट्टी पुन्हा लाकडाला फट न ठेवता बसवणे हे कसबी बंदूक कारागिराचे काम आहे, घरच्या करवतीचे नव्हे.

वीस बारांनंतर आपण चाप दाबण्याआधीच डोळे मिटत असाल, अशी मला दाट शंका आहे. ती दचक घालवायला रिकाम्या रायफलीच्या निपलवर (ठिणगी देणारी केप जिच्यावर चढवतात ती बारीक नळी) चामड्याचा तुकडा ठेवून रोज दहा-पंधरा वेळा घोडा पाडावा. मैदानावर सोबत्याला रायफल तयार करून द्यायला सांगावे, कधी भरलेली, कधी रिकाम्या नळीवर केप चढवलेली, आणि कोणती हे त्याने सांगू नये. आपण प्रत्येक वेळी ती भरलेलीच समजून चालावे. रिकाम्या वेळी माशी खाली बुडाली की दोष कुठे आहे ते दोघांनाही दिसते. कानांवर चांगले मफ असू द्यावेत, कारण दचकण्यात आवाजाचा वाटा मोठा असतो.

डाग पूर्ण जाईपर्यंत आठवडा-दहा दिवस बार काढू नयेत. त्यानंतर उभ्याने, दंडावर, ५० ग्रेनचे दहाच बार काढावेत आणि दुसऱ्या दिवशी कुठे दुखते ते कळवावे. दंडाच्या बाहेरच्या मांसल भागावर हलकीशी लाली असेल तर आपण योग्य जागी आहात. पुन्हा कॉलरबोनपाशीच दुखले, तर कोपर खाली येत असणार, तेव्हा बाजूने काढलेला एक फोटो इथे टाकावा.