डे-केअर ऑपरेशननंतर रुग्णाला रात्रभर ठेवायचं की नाही, हे कशावरून ठरतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन पाठीत भूल देऊन सकाळी आहे, आणि 'चार तासांनी घरी' असं सांगितलंय. ते 'चार तास' वाचूनच उत्तर द्यायला बसलो. भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांचं सगळ्यात जास्त वाजतं ते यावरच. सुट्टी घड्याळ बघून द्यायची नसते.

पाठीतल्या भुलीनंतर पाय हलायला लागले की नातेवाईक चपला शोधायला लागतात. पण लघवीचं नियंत्रण करणाऱ्या नसा सगळ्यात शेवटी जाग्या होतात. तोवर सलाईनच्या दोन-तीन बाटल्या आत गेलेल्या असतात, मूत्राशय फुगत राहतं आणि माणसाला लघवी लागल्याची जाणीव मुळीच नसते. सिस्टरने विचारलं की 'हो, झाली थोडी' असं उत्तर येतं. ही 'थोडी' म्हणजे बऱ्याचदा भरलेल्या टाकीतून सांडलेले थेंब. म्हणून लघवी भांड्यात मोजायची, मग बेंबीखाली हात ठेवून गोळा लागतो का बघायचं, आणि शक्य असेल तर पोटावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवायचा. ६०० मिलीच्या वर साठलं असेल तर कॅथेटर घालून एकदा रिकामं करायचं आणि पुन्हा थांबायचं. तसंच घरी पाठवलं तर रात्री दोन वाजता तळमळत परत येतात. साठीच्या पुढचे पुरुष, प्रोस्टेटचा त्रास, हर्निया किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन, पाठीतली भूल: यातलं काहीही असलं तर लघवी झाल्याशिवाय सुट्टी नाही. हातावरची गाठ काढलेल्या पंचविशीतल्या मुलाला मात्र लघवीसाठी अडवून ठेवणं हा निव्वळ छळ.

सुट्टी द्यायची की नाही हे ठरवायला एक गुणपत्रक असतं: नाडी-बीपी, चालणं, मळमळ, वेदना, रक्तस्राव, प्रत्येकी २ गुण, १० पैकी ९ मिळाले की पास. ठीक आहे, पण ते त्या क्षणाचा फोटो दाखवतं, कल दाखवत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्या रुग्णाची नाडी ७६, मग ८८, मग १०४ होत गेली आणि बीपी १२४ वरच आहे, तर 'बीपी छान आहे' म्हणू नका. आतल्या रक्तस्रावात आधी नाडी बोलते, बीपी उशिरा पडतं. मेटोप्रोलॉल (नाडी मंद ठेवणारी बीपीची गोळी) घेणाऱ्याची नाडीसुद्धा गप्प राहू शकते. अशाला बसवा, उभं करा. डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा पांढरा पडला, तर मुक्काम.

घोरणारे, जाड मानेचे रुग्ण वेगळेच. सिस्टर बोलत असते तोवर ऑक्सिजन ९७. मास्क काढा, खोली शांत करा, अर्धा तास झोपू द्या आणि मग आकडा बघा. मास्क चालू असताना श्वास मंदावला तरी आकडा छान दिसत राहतो. फेंटानिल-मॉर्फिनसारख्या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकांचा अंमल उतरवायला नॅलोक्सोन हे औषध द्यावं लागलं असेल तर निदान दोन तास जास्त ठेवा, कारण ते आधी संपतं आणि गुंगी परत येते. टॉन्सिल काढलेलं लहान मूल झोपेत सारखं गिळत असेल तर टॉर्च घेऊन घसा बघा, ते रक्त गिळत असतं.

आणि 'चोवीस तास भरले नाहीत तर मेडिक्लेम मिळणार नाही' म्हणून मुक्काम मागू नका. डे-केअर प्रक्रियांना ती अट नसते. पॉलिसीतली यादी तेवढी आधी बघून घ्या.

हे सगळं खोलीतल्या रुग्णाबद्दल झालं. घर दीड तासावर, किंवा रात्री सोबतीला जाणतं माणूस नाही, तर सगळे गुण मिळूनही थांबलेलं बरं. शेवटचा शब्द अर्थातच जो डॉक्टर त्यांना तपासतोय त्याचा. वडिलांना प्रोस्टेटच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते भूलतज्ज्ञाला आजच कळवा, टेबलावर घेतल्यावर नको.